गंगावन

केसांचा किंवा काळ्या धाग्यांचा, एका टोकाला पक्का बांधलेला आणि दुसऱ्या टोकाला मोकळा असा झुबका. स्वतःच्या केसांत मिसळून वेणी लांब दिसावी, अंबाडा भरावा यासाठी तो वापरतात. बांधलेल्या टोकाला नाडी असते; मानेवरच्या केसांच्या मुळाशी ती आवळली की गंगावन जागेवर बसते. लग्नकार्य, डोहाळजेवण, हळदीकुंकू, लावणीचा फड या सगळ्या ठिकाणी ते लागते. ज्येष्ठागौरी उभ्या केल्यावर त्यांनाही मागून गंगावन लावून वेणी घालण्याची आणि तिच्यावर गजरा माळण्याची रीत अनेक घरांत आहे. जुन्या मराठीत चवरी गाईच्या, म्हणजे याकच्या, शेपटीच्या केसांनाही गंगावन म्हणत आणि तेही वेणीत घातले जात. कर्नाटकात याच वस्तूला चौरी म्हणतात, आंध्रात सवरम. पंजाबात तिचे काम रंगीत गोंड्यांचा परांदा करतो.

गंगावन का लागते हे केसांच्या स्वभावातून कळते. लांब केसांची तक्रार पुष्कळदा केस कमी असल्याची नसते. ते डोक्याला चप्प बसतात, ही असते. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि एका केसाची जाडी साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर भरते. केस महिन्याला एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे कमरेला टेकायला त्याला पाचेक वर्षे लागतात. प्रत्येक केस इतका टिकत नाही. त्याच्या वाढीचा काळ साधारण दोन ते सहा वर्षांचा. तो सरला की केस गळतो आणि त्या जागी नवा येतो. रोज ५० ते १०० केस गळणे हे निरोगी डोक्याचेच लक्षण आहे. त्यामुळे मुळाशी मुठीत न मावणारे केस खाली निमुळते होत जातात आणि वेणीचा शेवट उंदराच्या शेपटीसारखा दिसतो. केस सरळ असतील तर आणखी भर पडते. लांबीचे वजन मुळाला खाली ओढते, टाळूवरचा तेलकटपणा सरळ केसावरून लवकर खाली पसरतो आणि केस मध्ये हवा न ठेवता एकमेकांना लागून बसतात. कुरळ्या केसांना त्यांच्या वळणांमुळेच जागा लागते, म्हणून तितकेच केस असूनही ते दुप्पट वाटतात.

यावर उपाय दोन. केसाकेसांत अंतर पाडायचे किंवा केसांत भर घालायची. पार्लरमधली बहुतेक तंत्रे पहिल्या जातीची आहेत. महाराष्ट्रातल्या घरांनी दुसरा मार्ग धरला, आणि लांब सरळ केसांसाठी तोच अधिक शहाणपणाचा म्हणावा लागेल. त्यात केसाला ऊब द्यावी लागत नाही, तो उलटा विंचरावा लागत नाही, आणि भरीला लागणारा माल बाईच्या स्वतःच्याच डोक्यावरचा असतो.

विंचरताना फणीत येणाऱ्या केसांच्या गुंत्याला गुंतवळ म्हणतात. ते टाकायचे नाही असा जुन्या घरांचा शिरस्ता होता. बोटाभोवती गुंडाळून कोनाड्यात, फडताळात किंवा कापडी पिशवीत ते साठत जाई. पुरेसे जमले की धुवायचे, वाळवायचे, बोटांनी हळूहळू सोडवायचे, केस लांबीप्रमाणे लावून घ्यायचे आणि एका टोकाला काळ्या दोऱ्याने गच्च आवळायचे. तीन बटा वेगळ्या राखल्या की घरचे गंगावन तयार होई. काम किचकट आणि सावकाशीचे, पण रंग आणि पोत आपसूक जुळतो. विकतच्या मालात तो योग क्वचित येतो. वय वाढले, केस पिकू लागले, तरी तरुणपणी साठवलेले काळे गंगावन पेटीत असे. घरगुती वस्तूंच्या नोंदी ठेवणाऱ्यांनी पाटा-वरवंट्याला आणि जात्याला जागा दिली, या हस्तकौशल्याला मात्र फारच थोडी दिली. ते अन्यायाचे झाले.

या पद्धतीची एक अडचण आहे आणि ती केसाच्या घडणीतून येते. केसाच्या पृष्ठभागावर एकावर एक चढलेले सूक्ष्म खवले असतात. त्यांच्या मोकळ्या कडा शेंड्याकडे वळलेल्या असतात. गुंतवळात काही केसांचे मूळ वर येते, काहींचे खाली. उलटसुलट केस शेजारी आले की खवले एकमेकांत अडकतात आणि गंगावन वरचेवर गुंतते. कारखान्यांत हे टाळण्यासाठी रसायनांनी खवले झिजवतात आणि वर सिलिकोनचा लेप चढवतात. तिरुपतीसारख्या देवस्थानी अर्पण होणारे केस एकाच बाजूने लावलेले मिळतात, म्हणून लिलावात त्यांना चांगली किंमत येते. गुंतवळालाही बाजार आहे. केसांच्या बदल्यात भांडी, फुगे, पिना देणारे फेरीवाले गावोगाव फिरतात. असे केस कर्नाटकात कोप्पळजवळच्या भाग्यनगरसारख्या ठिकाणी जातात, तिथे बायका ते हातांनी सोडवतात, प्रतवारी लावतात आणि पुढे टोपांसाठी ते परदेशी रवाना होतात.

गंगावनाची गरज आणि वापर जागेप्रमाणे कसा ठरतो, याचे एक उदाहरण पणदऱ्याचे. पणदरे हे बारामती–नीरा रस्त्यावरचे, नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेले गाव. माळेगावचा सहकारी साखर कारखाना जवळ, भोवती ऊस. या पट्ट्यातली केशरचना समजून घ्यायची तर दोन गोष्टी पाहाव्या लागतात : पाणी आणि पदर.

बारामती आणि इंदापूर तालुके पर्जन्यछायेत येतात. कालवा आहे, पण न्हाणीघरात पुष्कळदा विहिरीचे किंवा बोअरचे पाणी येते आणि ते अनेक ठिकाणी जड असते. त्यातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांशी साबणाचा संयोग होऊन न विरघळणारा साका तयार होतो. तो केसांवर बसला की केस राठ तरी होतात किंवा बटाबटांनी चिकटतात, आणि सरळ केस आणखीच चप्प दिसतात. शिकेकाई आणि रिठ्याचा फेस सॅपोनिनांमुळे येतो. ती या क्षारांबरोबर साका धरत नाहीत. जड पाण्याच्या मुलखात शिकेकाई इतकी वर्षे टिकून राहिली यामागे हेही एक कारण असावे. आजचे शाम्पूही साका धरत नाहीत. अंगाचा साबणच डोक्याला लावणाऱ्यांना मात्र हा त्रास होतो. हवा कोरडी असण्याचा एक फायदाही या भागाला मिळतो, तो पुढे येईल.

पदराचे म्हणाल तर, डोक्यावरून पदर घेणाऱ्या बाईला टाळूवर उंची नको असते. भरीवपणा मागे, मानेच्या वर हवा असतो. अंबाडा भरलेला असला की पदर त्यावर अडकून राहतो, सारखा सावरावा लागत नाही. म्हणून गंगावन हा निव्वळ नटण्याचा भाग नव्हता. शेतातल्या कामाला ते कुणी घालत नाही. उसाच्या पात्यांच्या कडा धारदार असतात, केस त्यात अडकतात. तिथे वेणी न घालता पिळून बांधलेला बुचडा आणि वरून गच्च बांधलेले फडके हेच खरे. गंगावन निघते ते कार्याच्या दिवशी.

घालण्याची रीत अशी. केस विंचरून मानेशी एकत्र घेतात आणि गंगावन त्यांच्या खालच्या बाजूने लावतात, वरून नाही. नाडी केसांभोवती फिरवून गाठ मारतात, आणि गंगावनाच्या तीन बटा आपल्या केसांच्या तीन पेडांत एकेक मिसळून वेणी घालतात. गाठ गजऱ्याखाली किंवा केळीच्या सोपटावर गुंफलेल्या शेवंतीच्या वेणीखाली झाकली जाते. अंबाडा घालायचा तर हीच वेणी गुंडाळून आकड्यांनी बसवायची. राखडी, मूद, अग्रफूल हे सोन्याचे केशालंकार जड असतात. त्यांना टेकायला खाली असा भरीव आधार लागतोच.

पेडांची संख्या इथे फार महत्त्वाची आहे. तीनपेडी वेणी गोलसर आणि घट्ट होते, त्यामुळे थोडे केस असतील तर ती बारीक दिसते. पाचपेडी वेणी तेवढ्याच केसांची पट्टी करते. ती चपटी पण रुंद असते आणि पाठीवर भरलेली दिसते. सागरवेणी कपाळापासून केस उचलत येते, म्हणून टाळूलाही थोडा उठाव मिळतो. वेणी पूर्ण झाल्यावर शेंडा धरून एकेक पेड बोटांनी बाजूला ओढून सैल करायचा : ही युक्ती कोणत्याही साधनाविना वेणीची रुंदी वाढवते. गंगावन नसेल त्यांनी निदान एवढे जरूर करावे.

ओलसर केसांची वेणी घालून ती वाळल्यावर सोडली तर केसांत लाटा राहतात, हे घराघरांतल्या मुलींना ठाऊक असते. त्याचे कारण केसातल्या केराटिन या प्रथिनात आहे. त्याच्या रेणूंना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना, केस ज्या वळणात असेल त्या वळणात, पुन्हा जुळतात. दमट हवेत ते परत सुटतात आणि लाट मोडते. म्हणून कोकणात तासाभरात उतरणारी लाट बारामतीच्या कोरड्या हिवाळ्यात दिवसभर तग धरू शकते.

तेलाविषयी मतभेद फार. केस भरदार दिसावेत तर तेल नकोच, असे पार्लरवाल्या सांगतात. तेलावाचून केस वाढत नाहीत, असे आजी सांगते. २००३ मध्ये मुंबईतील आरती रेले आणि आर. बी. मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसांतून होणारी प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने लक्षणीय कमी केली, कारण त्यातले लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकते. संशोधनाला अर्थसाहाय्य कुणाचे हे पाहणाऱ्या वाचकाने ध्यानात घ्यावे की दोघेही खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीतले होते. तरी निष्कर्षामागची रसायनशास्त्रीय कारणे पटणारी आहेत. लांब सरळ केसांसाठी मधला मार्ग सोपा आहे : तेल न्हाण्याआधी लावावे आणि न्हाल्यावर वरून चोपडू नये. अभ्यंगस्नानाचा क्रमही हाच आहे.

बायकांच्या केशरचनेवर रंगभूमीने मोठा परिणाम केला. नट बालगंधर्व (१८८८–१९६७) यांच्या स्त्रीभूमिकांचे नेसणे, गजरा माळणे, अंबाड्याची ठेवण यांचे अनुकरण मध्यमवर्गीय घरांत होई. ते केस अर्थात टोपाचे असत. लावणी सादर करणाऱ्या कलावतींची गुडघ्यापर्यंतची वेणीही बहुधा गंगावनाचीच; गिरकीत ती जो वर्तुळाकार फेर घेते त्यासाठी टोकाला वजन लागते, आणि ते गोंड्यांनी येते.

१९६० मध्ये शिकागोच्या मार्गारेट विन्ची हेल्ट यांनी ‘बीहाइव्ह’ नावाने ओळखली जाणारी उंच केशरचना केली. ती लाट हिंदी चित्रपटांतून इकडे आली आणि टाळूवर फुगा काढणे रूढ झाले. आज पणदरे–बारामतीकडच्या नवरीचे केस बांधताना आधी मुळाशी क्रिंपिंग (तापल्या यंत्राने बारीक चुण्या) करतात, मग बॅककोंबिंग (उलटे विंचरणे), मग स्टफिंग किंवा जाळीचा डोनट, यू-पिना आणि शेवटी स्प्रे. यातले स्टफिंग म्हणजे गंगावनाचाच नवा अवतार, आणि या साऱ्यांत सर्वांत निरुपद्रवी तेच. उलटे विंचरल्याने खवले उचकटतात आणि सोडवताना केस तुटतात. ओल्या केसांना तापलेले यंत्र लावले तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात बुडबुडे पडतात आणि तो त्या जागी मोडतो. लग्नाच्या एका दिवसापुरते हे चालून जाते, रोजचे होता कामा नये.

गंगावनाचाही अपाय आहे. जड गंगावन रोज ताणून बांधले तर कपाळाजवळची आणि कानांवरची केसांची रेषा मागे सरकते. सततच्या ओढीने होणाऱ्या या टकलाकडे वेळीच लक्ष दिले तर केस परत येतात, वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर मुळेच मरतात. नायलॉनचे गंगावन स्वस्त आणि हलके असते, पण त्याची चमक केसांपासून वेगळी पडते आणि आचेजवळ ते वितळते, म्हणून स्वयंपाक करताना किंवा होमाजवळ बसताना ते टाळावे. काळ्या सुताचे गंगावन चमकत नाही, धुता येते आणि गोंड्यांसह वेणीच्या खालच्या अर्ध्या भागाला उत्तम चालते. मानवी केसांचे गंगावन शेंड्यांपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने वर सरकत विंचरावे, सौम्य शाम्पूने धुऊन सावलीत टांगून वाळवावे आणि सैल वेणी घालून सुती कापडात ठेवावे. झोपण्यापूर्वी ते काढावेच.