नोंद एकाची, शिक्का दुसऱ्याचा

वर्धा जिल्ह्यात, सेलू तालुक्यातल्या हिंगणीत एखादं शेत विकलं गेलं, तर फेरफाराची नोंद घ्यायची तलाठ्याने, म्हणजे तिकडच्या बोलीत पटवाऱ्याने. ती प्रमाणित करायचा हक्क मात्र त्याला नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चं कलम 150 आधी हितसंबंधितांना नोटीस द्यायला लावतं, हरकतींना मुदत देतं आणि प्रमाणन वरच्या अधिकाऱ्याकडे, बहुधा मंडळ अधिकाऱ्याकडे, सोपवतं. ई-फेरफार प्रणालीतही हीच वाटणी आहे. वही दोघांचीही तीच, गाव नमुना 6. तिच्यात कोणी काय करायचं एवढंच बांधलेलं. वेब फ्रेमवर्कमध्ये मेथडच्या, म्हणजे प्रोग्रॅममधल्या एका कृतीच्या, डोक्यावर ‘अमुक भूमिकेलाच परवानगी’ अशी जी ओळ लिहितात, तिचं कूळ मला अशाच वहीत दिसतं.

साम्य म्हणजे नातं नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. चावडीवर जावा उगवली असं कोण म्हणेल? पण हिशेबाच्या वहीशी त्या ओळीचं नातं कागदोपत्री आहे. 1970 च्या दशकातलं बेल आणि लापाड्यूला यांचं प्रतिमान लष्करासाठी होतं: गोपनीय कागद कोणी वाचावा. युनिक्सच्या परवानग्याही फाइलीलाच चिकटलेल्या. 1987 मध्ये डेव्हिड क्लार्क आणि डेव्हिड विल्सन यांनी मांडलं, की व्यापाऱ्याला गुपित फुटण्यापेक्षा हिशेब बिघडण्याची धास्ती अधिक असते. विल्सन हिशेबतपासनिसांच्या कंपनीतलेच. जमाखर्चाच्या रिवाजातून दोघांनी दोन नियम उचलले: आकड्याला थेट हात लावायचा नाही, ठरलेल्या प्रक्रियेतूनच तो बदलायचा, आणि अख्खा व्यवहार एकाच्या हाती द्यायचा नाही. परवानगी मजकुरावरून कृतीवर सरकली ती इथे. 1992 मध्ये फेरायोलो आणि कून यांनी ती माणसाऐवजी पदाशी, म्हणजे भूमिकेशी, जोडली. पटवारी बदलला तरी दप्तर चालतंच, तसं.

मग ही भूमिका लॉगिनच्या दारातच तपासली तर? प्रमाणनाची मेथड आज बटणातून गाठता येते, उद्या मोबाइल ॲपमधून, परवा दुसऱ्या खात्याच्या सॉफ्टवेअरमधून. वाटेवर पहारा ठेवणारा नवी वाट काढताना एकदा तरी विसरतोच. म्हणून जावातली स्प्रिंग सिक्युरिटी ही सुरक्षा-चौकट मेथडपुढेच प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ, उभा करते. भूमिका जुळली तरच हाक आत जाते. तरी नेहमीच्या मांडणीत एक भोक उरतं: त्याच क्लासमधल्या दुसऱ्या मेथडने आतूनच हाक मारली, तर ती प्रॉक्सीपर्यंत पोचतच नाही आणि विचारपूस न होता प्रमाणन उरकतं. नोंद आणि प्रमाणन एकाच क्लासमध्ये लिहिणाऱ्याने पटवाऱ्याच्याच टेबलावर मंडळ अधिकाऱ्याचा शिक्का ठेवलेला असतो.