गोसीखुर्द ते हॅवलॉक : दगदगीचा एक दिवस आणि निवांत बेट

भंडारा जिल्ह्यातील पवनी तालुक्यात, वैनगंगेवर उभ्या असलेल्या गोसीखुर्द धरणाच्या परिसरातील माणसाला पाण्याचे अप्रूप असण्याचे कारण नाही. एप्रिल १९८८मध्ये भूमिपूजन झालेल्या आणि २००९मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळालेल्या या धरणाने नजर पोहोचेल तिथवर पाणी आणले. अनेकांची घरे आणि शेतेही त्याच पाण्याखाली गेली. समुद्र मात्र येथून सर्व दिशांनी दूर आहे. त्यामुळे अंदमानला जाण्याचा बेत ठरला की पहिला प्रश्न येतो तो 'एका दिवसात पोहोचता येते काय?' हा.

कागदावर पाहिले तर पोहोचता येते. गोसीखुर्दपासून नागपूरचे विमानतळ साधारण नव्वद किलोमीटरवर आहे. पवनी, भिवापूर, उमरेड या मार्गाने दोन ते अडीच तास धरावे लागतात. सकाळी सहाच्या सुमाराचे कोलकात्याचे विमान मिळाले असे मानले, तर घरातून रात्री दोनच्या आधीच निघणे आले. बहुतेक विमान कंपन्यांचे सामान स्वीकारण्याचे काम उड्डाणाच्या तासभर आधी बंद होते, ही गोष्ट प्रथमच विमानाने जाणाऱ्यांच्या ध्यानात राहत नाही. कोलकात्यापर्यंत पावणेदोन तास, तेथे दीड-दोन तासांचा थांबा, पुढे सव्वादोन तासांचे उड्डाण. म्हणजे अंदमानच्या भूमीवर पाय टेकेपर्यंत दुपारचे बारा वाजून जातात.

खरी ओढाताण यानंतर सुरू होते. हॅवलॉक हे बेट राजधानीपासून सरळ रेषेत चाळीसेक किलोमीटरवर असून तेथे बोटीनेच जावे लागते. शेवटच्या बोटी दुपारी दोन-अडीचच्या सुमारास सुटतात, प्रवाशांना धक्क्यावर त्याआधी पुष्कळ वेळ हजर राहावे लागते, आणि ओळखपत्र दाखवल्याखेरीज आत सोडत नाहीत. त्यातही सरकारी बोटी फिनिक्स बे धक्क्यावरून, तर खासगी वेगवान बोटी हॅडो धक्क्यावरून निघतात. रिक्षावाल्याला नुसते 'जेटी' म्हणून सांगणाऱ्या प्रवाशाची अर्ध्या तासाची पायपीट ठरलेलीच. कोलकात्यात डिसेंबर-जानेवारीच्या धुक्याने विमान तासभर रखडले, तरी हे सारे गणित कोसळते.

दोन विमानांची तिकिटे स्वतंत्रपणे काढण्याचा मोह तर टाळलेलाच बरा. दोनचार हजार रुपये वाचतात. परंतु पहिल्या विमानाला उशीर झाला तर दुसऱ्या कंपनीवर कसलीच जबाबदारी राहत नाही. शिवाय कोलकात्यात सामान पट्ट्यावरून उचलून पुन्हा नव्याने द्यावे लागते. एकाच तिकिटावर दोन्ही उड्डाणे असली की सामान सहसा थेट शेवटच्या मुक्कामी येते. सोबत वडीलधारी मंडळी किंवा लहान मुले असतील, तर आदल्या रात्री नागपुरात आणि पोहोचल्याच्या रात्री राजधानीत मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळची बोट धरणे हेच शहाणपणाचे. भंडारा रोड स्थानकावरून हावड्याकडे रेल्वेने जाण्याचा पर्याय स्वस्त आहे, परंतु त्यासाठी जवळपास एक दिवस वाढवावा लागतो. कोलकाता किंवा चेन्नईहून जहाजाने जाणाऱ्यांनी तर आणखी तीन दिवस हाताशी ठेवावेत.

नावांचा गोंधळही समजून घ्यायला हवा. ईस्ट इंडिया कंपनीच्या 'बॉम्बे मरीन'मधील अधिकारी आर्चिबाल्ड ब्लेअर याच्यावरून पोर्ट ब्लेअर हे नाव पडले होते. सप्टेंबर २०२४मध्ये ते 'श्रीविजयपुरम' असे बदलण्यात आले. हॅवलॉकचे 'स्वराज द्वीप' हे नामांतर डिसेंबर २०१८मधील. बोलण्यात मात्र जुनीच नावे चालतात, आणि तिकिटांवर कोणते नाव असेल याचा नेम नाही.

मराठी माणसाच्या मनात या बेटांची ओळख निराळीच आहे. विनायक दामोदर सावरकर ४ जुलै १९११ रोजी 'महाराजा' या जहाजातून येथे उतरवले गेले, ते बेड्यांसह. आज आपण ज्या विमानतळावर उतरतो त्याला त्यांचेच नाव आहे. तेथील नव्या इमारतीचे उद्घाटन जुलै २०२३मध्ये झाले. 'काळे पाणी' म्हणून ज्या समुद्राची धास्ती घातली जाई, तो प्रत्यक्षात निळा-हिरवा आणि तळ दिसावा इतका नितळ आहे, हे विमानाच्या खिडकीतूनच कळते.

खासगी बोट दीड ते दोन तासांत हॅवलॉकला पोहोचते. ती बंदिस्त व वातानुकूलित असल्याने लाटांचे हेलकावे अधिक जाणवतात. मळमळीची गोळी डॉक्टरांना विचारून आधीच घ्यावी. सरकारी बोटीला अडीच तास लागतात, पण उघड्या डेकवर वारा खात जाता येते. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात समुद्र बहुधा शांत असतो.

बेटावर उतरल्यावर मात्र घाई संपते. गावांना गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर अशी नावे आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासित कुटुंबांना १९५०च्या दशकात येथे वसवण्यात आले. लोकवस्ती सहा हजारांच्या घरात. विस्थापितांनी नव्याने उभे केलेले हे गाव पाहताना गोसीखुर्दच्या पुनर्वसित वसाहतींची आठवण येणाऱ्यास यावी. सुपारी आणि नारळाच्या बागा, भातखाचरे, मासळीचे जेवण आणि रात्री लवकर निजणारा बाजार. २०२०मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्याने इंटरनेट सुधारले आहे.

किनाऱ्यांना क्रमांक आहेत. राधानगर हा सात क्रमांकाचा, धक्क्यापासून बारा किलोमीटरवर बेटाच्या पश्चिम अंगाला. 'टाइम' साप्ताहिकाने २००४मध्ये त्याला आशियातील सर्वोत्तम किनारा ठरवले, तर २०२०मध्ये त्यास 'ब्लू फ्लॅग' मानांकन मिळाले. येथे घड्याळाने फसू नये. गोसीखुर्दपेक्षा हे बेट रेखांशाने सुमारे तेरा अंश पूर्वेला आहे आणि एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे सूर्य पन्नासेक मिनिटे आधी माथ्यावर येतो. घड्याळ मात्र तेच. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. दुपारच्या बोटीने आलेल्यांनी खोलीवर सामान टाकून लगेच निघाले तरच पहिल्या दिवशीचा सूर्यास्त हाती लागतो.

पाण्यात उतरताना जीवरक्षकांच्या सूचना मानाव्यात. २०१०मध्ये याच परिसरात मगरीच्या हल्ल्यात एका परदेशी तरुणीचा मृत्यू झाला होता. क्षमतेपेक्षा अधिक माणसे भरलेल्या बोटीत बसू नये. जानेवारी २०१४मध्ये अशीच एक पर्यटक बोट राजधानीजवळ बुडून वीसहून अधिक लोक दगावले. प्रवाळ, मग तो किनाऱ्यावर पडलेला का असेना, आणि संरक्षित जातींचे शंख सोबत आणणे हा गुन्हा असून परतताना विमानतळावर सामान तपासले जाते.

परतीचे विमान आणि हॅवलॉकहून निघणारी बोट एकाच दिवशी ठेवू नये. डिसेंबर २०१६च्या आरंभी वादळी हवामानामुळे बोटी बंद पडून हॅवलॉक व नील बेटांवर चौदाशेहून अधिक पर्यटक अडकले होते. त्यांना आणण्यासाठी नौदलाला जहाजे पाठवावी लागली. शेवटची रात्र राजधानीतच काढावी आणि सेल्युलर जेल त्या संध्याकाळसाठी राखून ठेवावा. तेथील ध्वनिप्रकाश कार्यक्रम अंधार पडल्यावरच होतो, आणि त्याची तिकिटे आधी काढलेली बरी.