परतीचा दोर

'परतीचे दोर कापणे' हा वाक्प्रचार आपल्या तोंडी सहज येतो. माघारीची वाटच ठेवायची नाही, असा त्याचा अर्थ. त्यामागची कथाही आपल्याला ठाऊक आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे यांनी सिंहगडावर चाल केली. तानाजी पडले, मावळ्यांचा धीर सुटू लागला, तेव्हा कड्यावरचे दोर कापले आहेत असे सांगून सूर्याजींनी त्यांना माघारी फिरवले, असे परंपरा सांगते. पोवाड्यातली यशवंती घोरपड तर प्रत्येक शाळकरी मुलाच्या ओळखीची. सभासदाच्या बखरीत मात्र घोरपड नाही. निवडक मावळे कड्यावरून चढून गेले, असे तिथे आहे. शिक्षकांनी मुलांना दोन्ही सांगावे, पण बखर कोणती आणि पोवाडा कोणता हेही सांगावे.

आज मला निराळाच प्रश्न विचारायचा आहे. ते दोर कापले नसते, तर थकलेली, जखमी माणसे अंधारात त्यांच्यावरून खाली उतरणार कशी होती? चढताना माणूस पुढचा आधार डोळ्यांनी पाहतो. उतरताना पाय आंधळे असतात, आणि सगळा भार दोन तळहातांवर येतो. घाम सुटला, दोर ओला असला, की मूठ सरकते. सरकली की तळवा भाजतो, आणि भाजला की माणूस दोर सोडतो. म्हणून दोरावरून उतरण्याचा इतिहास हा एकाच प्रश्नाचा इतिहास आहे: हात सुटला तर काय?

आपल्याकडे चढणाऱ्यांची गाणी पुष्कळ झाली. उतरणाऱ्यांत नाव राहिले ते रायगडच्या हिरकणीचे. घरी तान्हे मूल, गडाचे दरवाजे बंद, म्हणून ती आई रात्री कडा उतरून गेली, अशी आख्यायिका आहे. तिच्यापाशी दोरही नव्हता. हात सुटला तर काय, याला तिच्याजवळ काहीच उत्तर नव्हते, म्हणून तर ती कथा आपल्या मनात राहिली. आमच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या वेरूळच्या कारागिरांनी हा प्रश्न दुसऱ्याच वाटेने सोडवला. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, कैलास लेणे माथ्यापासून पायाकडे कोरीत नेले. खडक उतरत गेला तसे कारागीर त्याच्याबरोबर उतरले. सुमारे शंभर फूट खोलीचे ते काम, पण पायाखाली बहुधा दगड होताच.

पण सगळीकडे काही डोंगर कोरून उतरता येत नाही. तिथे दोर लागतो, आणि त्याच्याबरोबर एक युक्ती लागते. ती आपल्या शेतकऱ्याला पूर्वीपासून अवगत आहे. मारका बैल आवरताना शहाणा माणूस नुसता कासरा धरून ओढत बसत नाही. कासऱ्याचा एक वेढा झाडाच्या बुंध्याला देतो. मग बैलाने कितीही हिसका दिला तरी टोक एका हाताने धरता येते. झाड बैलाशी ताकद लावीत नाही. दोर आणि साल यांच्यातले घर्षण ते काम करते.

अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने याचा हिशेब मांडला. दोर आणि लाकूड यांचा घर्षणांक ०.३ धरला, तर एका पूर्ण वेढ्याने भार सुमारे साडेसहापट हलका होतो. दुसऱ्या वेढ्याने साडेसहा अधिक साडेसहा होत नाही. साडेसहा गुणिले साडेसहा, म्हणजे जवळजवळ त्रेचाळीसपट होतो. ८० किलोचा माणूस लोंबत असेल, तर एका वेढ्यानंतर हाताशी १२ किलोची ओढ राहते आणि दोन वेढ्यांनंतर दोन किलोहूनही कमी. उतरणीची सारी साधने याच एका हिशेबावर उभी आहेत.

युरोपात ही युक्ती गिर्यारोहकांनी आधी स्वतःच्या देहावर वापरली. आल्प्स पर्वतात शामोनीजवळ प्ती द्रू नावाचा सुळका आहे. फ्रेंच वाटाड्या झां शार्ले याने १८७६ साली तिथे चढाईचा प्रयत्न केला, आणि परतताना दोर दुहेरी करून खडकात अडकवला. खाली आल्यावर एक टोक ओढले की सगळा दोर हाती येई. १८७९ साली त्याने तो माथा गाठला. आज आपल्याकडचे तरुण ज्याला 'रॅपलिंग' म्हणतात, तो शब्द फ्रेंचमधला. त्याचा अर्थ परत बोलावणे. म्हणजे त्यांच्याकडेही तो परतीचाच दोर!

पुढे पहिल्या महायुद्धाच्या आधीच्या वर्षांत हान्स ड्युल्फर या जर्मन गिर्यारोहकाच्या नावाने एक पद्धत रूढ झाली. दोर दोन्ही पायांमधून घ्यायचा, एका मांडीला वळसा घालून छातीवरून दुसऱ्या खांद्यावर टाकायचा आणि पाठीमागून हातात धरायचा. बुंध्याच्या जागी आता माणसाचे शरीर आले. भार हलका झाला, पण मांडी आणि खांदा सोलून निघू लागले. आणि हात सुटला, तर वेढेही सुटत.

मग बुंध्याच्या जागी धातू आला. कमरेच्या पट्ट्याला, म्हणजे हार्नेसला, कडी आणि तिच्यात हे साधन, डिसेंडर. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी दिसणारी 'फिगर ऑफ एट' आपल्या गिर्यारोहण शिबिरांत फार दिसते. स्वस्त, हलकी, समजायला सोपी. पण ती दोराला पीळ घालते, आणि हात सुटला तर ती काही थांबवीत नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या गुहा उतरणाऱ्यांनी दांड्यांची शिडीसारखी चौकट काढली. खोली आणि भार पाहून दांड्या कमीजास्त करता येतात. त्याच दशकाच्या अखेरीस फ्रान्समध्ये फर्नांड पेट्झल यांच्या कारखान्यात दोन चाकांभोवती दोर फिरवणारे साधन तयार होऊ लागले.

त्याच घराण्यातल्या पुढच्या साधनांना मूठ आली. मूठ दाबली की माणूस उतरतो, सोडली की थांबतो. हात सुटला तर काय, याला प्रथमच उत्तर मिळाले: थांबतो. पण माणसाचा स्वभाव पाहा. घाबरलेला माणूस हात सोडीत नाही. हाती येईल ते घट्ट आवळतो. मूठ आवळली, तर तो आणखी वेगाने खाली जातो! म्हणून मग अशी साधने निघाली, की मूठ सोडली तरी थांबावे आणि फार ओढली तरीही थांबावे. भीतीचा विचार करून यंत्र घडवायला माणसाला इतकी वर्षे लागली.

उंच इमारती, पूल, समुद्रातले तेलाचे मनोरे येथे दोरावर काम करणारे आज अशीच साधने वापरतात. १९८० च्या दशकात ब्रिटनमध्ये या कामाला शिस्त आली. तिचा मुख्य नियम असा, की माणूस दोन स्वतंत्र दोरांवर हवा: एक कामाचा, दुसरा जिवाचा.

आपल्या घाटांत ही गोष्ट केवळ छंदाची राहिलेली नाही. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस खोल दरीत कोसळली. एक सोडून सगळे प्रवासी दगावले. भर पावसात महाबळेश्वर, पोलादपूर भागातले गिर्यारोहक दोरावरून खाली उतरले आणि त्यांनी मृतदेह वर आणले. अशा वेळी साधनावर एकाचा नव्हे, दोघांचा भार येतो, कधी स्ट्रेचरचाही. एकट्यासाठी पुरणारे साधन तिथे पुरत नाही.

तेव्हा निवड करताना काय पाहावे? साधनावर कोरलेली दोराची जाडी आणि आपला दोर जुळतो का. दोघांचा भार त्याला मान्य आहे का. हात सुटल्यावर ते थांबते का. दोर कमी ताणणारा हवा आणि खडकाच्या धारेवर त्याच्याखाली जाड कापड हवे. उतरणे सावकाश हवे. ८० किलोचा माणूस ५० मीटर उतरला, की एक लिटर पाणी नऊ अंशांनी तापवील इतकी उष्णता निर्माण होते, आणि नायलॉनला उष्णता मानवत नाही. शिवाय थांबला म्हणजे वाचला, असे नव्हे. हार्नेसमध्ये निश्चल लोंबकळणारा बेशुद्ध माणूस थोड्याच वेळात दगावू शकतो. त्याला खाली घेण्याची तयारी आधीच हवी.

मराठवाड्याला दरीपेक्षा विहीर जवळची. आत कोणी कोसळला की दुसरा कमरेला दोर बांधून उतरतो, त्याच्यामागे तिसरा, आणि एकाच घरातली दोन-तीन माणसे जातात. जुन्या, बंद पडलेल्या विहिरीत प्राणवायू कमी असतो किंवा विषारी वायू साचलेला असतो. तिथे कोणतेही डिसेंडर उपयोगाचे नाही. कंदील सोडून पाहण्याचाही भरवसा धरू नका: काही विषारी वायूंत दिवा तेवतच राहतो, आणि पेटणारा वायू असला तर भडका उडतो. माणूस शुद्धीवर असेल तर वरूनच दोर टाका, ११२ ला फोन करा, अग्निशमन दलाला बोलवा. श्वासाच्या साधनावाचून कुणालाही आत उतरू देऊ नका, मग तो कितीही धीट असो.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक सुचवतो. शाळेच्या आवारात एक गोल, गुळगुळीत वासा आडवा बांधा. पाण्याने भरलेली बादली दोराला लावून त्यावरून सोडा. आधी दोर नुसताच वाशावरून घ्या, मग एक वेढा द्या, मग दोन, आणि प्रत्येक वेळी टोक मुलांच्या हातात द्या. मुलांना लोंबू देऊ नका, बादलीच पुरे. तेवढ्याने घर्षणाचा धडा त्यांच्या तळहाताला कळेल. मग सिंहगडाची कथा पुन्हा सांगा, आणि ते दोर कापलेले नसते तर मावळे कसे उतरले असते, याचे उत्तर मुलांकडूनच घ्या.