हवेनं वाढणारे वेष : प्रस्तावना

सुरसेनं तोंड पसरलं की मारुती त्याहून मोठा होतो. बळीसमोरचा बटू वामन पाहता पाहता त्रिविक्रम होतो. पात्र डोळ्यांदेखत वाढतं, ही कल्पना आपल्याकडे किती जुनी! मंचावर मात्र ती बहुधा शब्दांवर आणि गाण्यावर सोपवली गेली. पुसदसारख्या गावात नाटकांचे, स्नेहसंमेलनांचे वेष शिवणाऱ्यांनी ती कापडातून उभी करावी, म्हणून हे पुस्तक.

पुसद ज्यात येतं, तो यवतमाळ कापसाचा जिल्हा. सोंगाला पोट हवं तर कापूस हाताशीच असतो. पण कापसाचं पोट लठ्ठ माणूस दाखवतं, लठ्ठ होत जाणं दाखवत नाही. ‘अशी ही बनवाबनवी’मध्ये (1988) लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती गरोदर दिसते, तेव्हा दोन दृश्यांमधला काळ वेषभूषाकाराच्या मदतीला असतो. प्रेक्षकांसमोर पोट वाढवायचं, तर हवा हवी.

तिच्या दोन वाटा आहेत. छोट्या, झटपट फुगवट्यासाठी बंद पिशव्या : रंगभूषाकार डिक स्मिथ यांनी ‘ऑल्टर्ड स्टेट्स’साठी (1980) रबरी कातडीखाली त्या दडवल्या आणि नळीनं हवा सोडली. अख्ख्या अंगासाठी मात्र बॅटरीवरचा पंखा सतत चालू ठेवतात. शिवणीतून थोडी हवा निसटली तरी बिघडत नाही.

खरी परीक्षा कापड बेतण्यात आहे. हवा सगळीकडे सारखीच दाबते, त्यामुळे मोकळा सोडलेला वेष चेंडूसारखा गोल होऊ लागतो. राक्षसाचे खांदे रुंद आणि कंबर बारीक ठेवायची, तर आतून पुढची-मागची बाजू जोडणाऱ्या पट्ट्या शिवाव्या लागतात. वाढीचं कापड आधी चुण्यांमध्ये लपवायचं, इलास्टिकनं अंगासरशी धरायचं. पंख्याचा आवाज ढोलकीखाली झाकता येतो. सिनेमात तर वेषातली हवा बाहेर सोडताना चित्रण करून ते उलटं दाखवायचीही सोय असते.

नटाच्या जिवाचं प्रकरण मी मुद्दाम पहिलं ठेवलं आहे. मे महिन्यात पुसदचा पारा चाळिशीपार जातो आणि नायलॉनमध्ये घाम वाळत नाही. चेहरा मोकळा हवा, पंख्याचं तोंड कापडानं झाकलं जाता कामा नये, पाठीची चेन विंगेतल्या माणसाला एका ओढीत उघडता आली पाहिजे. नायलॉन चटकन वितळतं. आरतीचं तबक या पात्राच्या हाती देऊ नये. त्यानंतरच्या प्रकरणात सुरुवात साध्या पोटापासून आहे. मारुतीची शेपटी शेवटी येते.