पडद्यावरचे कर्ज आणि आमचा मोंढा

मराठी चित्रपटाने पैशाच्या दुनियेकडे फार लवकर पाहिले. सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली ती १८७५ साली. त्यानंतर ५० वर्षांनी, १९२५ मध्ये, कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांनी ना. ह. आपटे यांच्या कथेवरून ‘सावकारी पाश’ हा मूकपट काढला. जमीन गमावून शहरात गिरणीकामगार होणारा तरुण शेतकरी व्ही. शांताराम यांनी साकारला. पुढे १९३६ मध्ये पेंटरांनी त्याच कथेचा बोलपट केला.

हिंदीत मेहबूब खान यांनी ‘औरत’ (१९४०) आणि ‘मदर इंडिया’ (१९५७) या चित्रपटांत कर्जाने गांजलेल्या स्त्रीला नायिकापद दिले. दोन्हींत सावकार झाले ते कन्हैयालालच! सतीश मनवर यांच्या ‘गाभ्रीचा पाऊस’मध्ये (२००९) विदर्भातील शेतकऱ्याची पत्नी, नवऱ्याने जीव देऊ नये म्हणून, लहान मुलाला त्याच्या मागे धाडते.

या सर्व कथांच्या केंद्रस्थानी शेतीवाडी असलेले कुटुंब आहे. आमच्या उदगीरच्या मोंढ्यात मात्र आडत्याकडून उचल घेणाऱ्या शेतकऱ्याबरोबर पोती वाहणारा हमालही असतो आणि धान्य निवडणारी बाईही. पीककर्ज सातबाऱ्यावर मिळते. यांच्या नावावर सातबारा नसतो. दवाखान्यासाठी किंवा लेकीच्या लग्नासाठी घेतलेले त्यांचे खाजगी कर्ज माफीच्या यादीत येत नाही. पडद्यावरही ते क्वचितच येते. भूमिहीनाचे हे ऋण कथेचा विषय होईल, तेव्हाच ‘सावकारी पाश’ने आरंभिलेले काम पुढे गेले असे आम्ही म्हणू.