बोलक्या बाहुलीची कुळकथा

मराठी मुलखात बाहुली आधी नाचली. स्वतःच्या आवाजात बोलायला तिला फार वेळ लागला. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पैठण तालुक्यात आपेगाव आहे, ज्ञानेश्वरांचे जन्मगाव. 1290 मध्ये नेवाशाला पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीत सूत्राने चालणाऱ्या बाहुलीचा दृष्टान्त येतो आणि ज्ञानेश्वर तो समजावून सांगत बसत नाहीत. श्रोत्यांनी असा खेळ पाहिलेलाच असणार, हे त्यावरून कळते. पैठणचे नाव आणखी एका कलेशी जोडलेले आहे. चित्रकथी रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची चित्रे एकामागून एक दाखवत कथा गात. ‘पैठणची चित्रे’ म्हणून ओळखली जाणारी अशी चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या असे तिन्ही खेळ जिवंत ठेवले. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

या साऱ्या खेळांत आवाज निवेदकाचा असतो. राम, रावण, सीता, सगळ्यांसाठी गाणारा आणि बोलणारा तोच, आणि प्रेक्षकांनाही ते ठाऊक असते. बाहुली म्हणजे कथेचे चित्र. तिला स्वतःचे मत नसते.

ते मत तिला शब्दभ्रमाने दिले. ओठ न हलवता बोलायचे आणि आवाज दुसरीकडून येतो असे भासवायचे, ही विद्या युरोपात फार जुनी. एके काळी ती भविष्यकथनाशी जोडलेली होती. पुढे पेटीतून किंवा छतावरून आवाज आल्याचा भास देणारे खेळ रंगमंचावर होऊ लागले. 19व्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये फ्रेड रसेलने एकच बाहुला मांडीवर घेऊन त्याच्याशी गप्पा मारण्याचा प्रकार लोकप्रिय केला. बाहुला मालकाला उलट उत्तर देऊ लागला, आणि तिथून खेळाला नाट्य आले.

मराठी रंगमंचावर हा प्रकार आणला जादूगार यशवंत केशव पाध्ये यांनी. त्यांचा अर्धवटराव हा बाहुला 1916 चा. असा बाहुला आतून पोकळ असतो. पाठीतून हात घालून मानेची दांडी धरायची आणि तिच्यावरच्या खटक्यांनी जबडा, डोळे, भुवया हलवायच्या. खरी कसोटी तोंडाची. प, फ, ब, भ, म हे वर्ण ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत, आणि मराठीत ‘बाबा’, ‘मामा’, ‘पाणी’ यांवाचून दोन वाक्येही होत नाहीत. शब्दभ्रमकार जिभेचा आधार घेऊन या वर्णांच्या जवळपासचा ध्वनी काढतो आणि उरलेली तूट ऐकणाऱ्याचा कान संदर्भाने भरून काढतो. आवाज कुठून आला हे ठरवताना माणूस डोळ्यांवर जास्त विसंबतो. ज्याचा जबडा हलतो तोच बोलतो, असे मन धरून चालते. आवाज ‘फेकणे’ असे काही नसते. लक्ष वळवणे असते.

यशवंतरावांचे पुत्र रामदास पाध्ये यांनी 1967 पासून हा वारसा स्वतंत्रपणे पुढे नेला. अर्धवटरावाला आवडाबाईची जोड मिळाली. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले आणि नाट्यगृहातली बाहुली घरात आली. दूरदर्शनने कसोटी कडक केली. मागच्या रांगेतल्या प्रेक्षकाला ओठांची बारीक हालचाल दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसते. मात्र जाहिरातीत बाहुलीवाल्याने चौकटीबाहेर राहिले तरी चालते. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला खिदळणारा ससा पाध्यांचाच. तो घरोघरी लाडका झाला, पण त्याच्यामागचा माणूस बहुतेकांना माहीत नव्हता.

बाहुली आणि बाहुलीवाला यांची ही फारकत चित्रपटाने शेवटास नेली. 1993 मध्ये महेश कोठारे यांचा ‘झपाटलेला’ आला. कल्पनेचे बीज 1988 च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकन चित्रपटात होते: मरता गुन्हेगार मंत्राने आपला प्राण बाहुल्यात घालतो. पण ‘झपाटलेला’तला बाहुला, तात्या विंचू, मराठी मातीतला झाला, आणि त्याचे मोठे श्रेय दोन कलावंतांना जाते. बाहुला घडवला आणि चालवला रामदास पाध्ये यांनी. गुंड तात्याची भूमिका दिलीप प्रभावळकर यांची, आणि त्यांचाच आवाज बाहुल्यालाही लाभला. लक्ष्मीकांत बेर्डे यांचा लक्ष्या समोर घाबरून थरथरतो, तेव्हा प्रेक्षकाला समोर लाकूड-कापूस दिसत नाही. इथे ओठ न हलवण्याच्या विद्येची गरजच उरली नव्हती. आवाज नंतर ध्वनिमुद्रित होणार होता, म्हणून सारी भिस्त मान वळवण्याच्या वेगावर आणि नजरेच्या रोखावर आली. बाहुल्यांच्या इतिहासात तात्याचे खरे महत्त्व या हालचालीत आहे. भीतीची गोष्ट त्यानंतरची.

2002 च्या ‘दिल है तुम्हारा’ या हिंदी चित्रपटात प्रीती झिंटाच्या हातातली बाहुलीही पाध्यांची. 2013 मध्ये ‘झपाटलेला 2’ त्रिमितीत आला आणि तात्या पडद्यावर परतला. घराण्याची तिसरी पिढी, सत्यजित पाध्ये, आज रंगमंचावर आहे. तिथे बाहुला आणि शब्दभ्रमकार दोघेही प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर असतात, त्यामुळे प, ब आणि म यांचा जुना सराव आजही करावाच लागतो.