समोर कोण होतं?

१६ मार्च २०२५ च्या रविवारी अमेरिकेतल्या महिला कॉलेज बास्केटबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी ६८ संघांची यादी जाहीर झाली. त्यात दोन संघांची नोंद जवळजवळ सारखी होती. साउथ कॅरोलायनाचे ३० विजय आणि ३ पराभव, कनेक्टिकटचे, म्हणजे सगळे ज्याला ‘युकॉन’ म्हणतात त्या विद्यापीठाचे, ३१ विजय आणि ३ पराभव. शिवाय महिन्याभरापूर्वीच युकॉनने साउथ कॅरोलायनाला त्यांच्याच घरी ८७-५८ असं धुऊन काढलं होतं आणि घरच्या मैदानावरची त्यांची सलग ७१ विजयांची मालिका मोडली होती. तरीही निवड समितीने चार अव्वल मानांकनांतलं एक दिलं साउथ कॅरोलायनाला, आणि युकॉनच्या वाट्याला आलं दुसऱ्या क्रमांकाचं. कारण एवढंच की वर्षभर साउथ कॅरोलायनासमोर तगडे संघ होते आणि युकॉनच्या गटात, म्हणजे कॉन्फरन्समध्ये, बरेचसे लिंबूटिंबू. तीन आठवड्यांनी अंतिम सामन्यात हेच दोघे समोरासमोर आले. युकॉन ८२-५९ ने जिंकलं.

समिती चुकली असं मी म्हणणार नाही. तिच्यापुढे जे कागद होते, त्यांना धरूनच तिने निवाडा दिला. त्या कागदांवर ‘स्ट्रेंथ ऑफ शेड्यूल’ नावाचा एक रकाना असतो. वेळापत्रकाचा कस म्हणा हवं तर. किती जिंकलात यापेक्षा कुणाविरुद्ध जिंकलात याला तिथे मोल. हा रकाना आला कुठून आणि आता तो का बदलतोय, हे समजून घ्यायला सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

जेम्स नेस्मिथने बास्केटबॉल शोधला डिसेंबर १८९१ मध्ये. पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने तो स्मिथ कॉलेजच्या मुलींना शिकवला. मैदानाचे तीन भाग केले, जिने तिने आपल्या भागातच राहायचं, दुसरीच्या हातातला चेंडू हिसकावायचा नाही. सामने कॉलेजातल्या कॉलेजात, पहिल्या वर्षाच्या मुली विरुद्ध दुसऱ्या वर्षाच्या. दोन कॉलेजांच्या मुली प्रथम समोरासमोर आल्या त्या ४ एप्रिल १८९६ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत. एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला नऊ, आणि प्रेक्षकांत पुरुषांना मज्जाव. स्टॅनफर्डने बर्कलीला हरवलं, २-१ अशा गुणांनी. हॉकीचा वाटावा असा हा निकाल. तीन वर्षांतच स्टॅनफर्डने मुलींचे असे बाहेरचे सामने बंद करून टाकले.

पुढची पन्नासेक वर्षं या मागोव्यात सगळ्यात चमत्कारिक आहेत. मुलींनी चुरशीने खेळू नये, त्याने प्रकृती आणि स्वभाव दोन्ही बिघडतात, असं मानणाऱ्या शारीरिक शिक्षणाच्या बायकांचाच तेव्हा वरचष्मा होता. १९२३ मध्ये लू हेन्री हूवर यांच्या पुढाकाराने महिलांच्या खेळांसाठी स्वतंत्र विभाग उभा राहिला. (पुढे त्यांचे यजमान राष्ट्राध्यक्ष झाले.) याच काळात ‘प्ले डे’ची टूम निघाली. तीन-चार कॉलेजांच्या मुली एका ठिकाणी जमत, आणि सगळ्यांची सरमिसळ करून नवे संघ पाडले जात. तुमच्या कॉलेजची एक मुलगी या संघात, दुसरी त्या संघात. त्यामुळे कुठलंच कॉलेज जिंकत नसे की हरत नसे. खेळून झालं की खाऊ. हेतू वाईट नव्हता, पण प्रतिस्पर्धीच नाहीसा केला तर वेळापत्रकाला कस कुठून येणार?

चित्र पालटलं १९७१-७२ च्या सुमाराला. संपूर्ण मैदानभर पाच जणींनी खेळायचा नियम आला, महिलांच्या कॉलेज खेळांची एआयएडब्ल्यू ही स्वतःची संघटना उभी राहिली, आणि १९७२ मध्ये ‘टायटल नाइन’ कायद्याने शिक्षणसंस्थांना मुली-मुलांत भेद करायला बंदी केली. त्याच वर्षी या संघटनेची पहिली राष्ट्रीय स्पर्धा इलिनॉयमध्ये झाली. पेनसिल्व्हेनियातलं इमॅक्युलाटा हे जोगिणींनी चालवलेलं छोटंसं मुलींचं कॉलेज तिथे पोचलं. प्रवासाला पैसे नव्हते म्हणून मुलींनी टूथब्रश विकले. तरीही सगळ्यांची तिकिटं निघेनात, तेव्हा आठच जणी गेल्या. अंगात लोकरीचे झगेवजा गणवेश. पुढे या कॉलेजच्या सामन्यांना जोगिणी प्रेक्षकांत बसून लोखंडी बादल्या बडवत, त्या आवाजाने प्रतिस्पर्धी हैराण होत. सोळा संघांत इमॅक्युलाटाला मानांकन होतं पंधरावं, कारण शेजारच्या वेस्ट चेस्टरने थोड्याच दिवसांपूर्वी त्यांना ३२ गुणांनी हरवलं होतं. अंतिम सामन्यात समोर तेच वेस्ट चेस्टर आलं, आणि इमॅक्युलाटा ५२-४८ ने जिंकलं. पुढची दोन वर्षंही करंडक त्यांच्याकडेच राहिला.

त्या काळी वेळापत्रक म्हणजे मोटारीने जाऊन रात्री परतता येईल इतकं अंतर. दूरदूरच्या संघांची तुलना करायला कुणाकडेच साधन नव्हतं. १९८२ मध्ये पुरुषांचा कारभार बघणाऱ्या एनसीएए या बड्या संघटनेने महिलांची स्पर्धा सुरू केली आणि एआयएडब्ल्यूचा गाशा गुंडाळला गेला. त्या पहिल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात लुइझियाना टेकने चेनी स्टेट या कृष्णवर्णीयांच्या जुन्या, गरीब कॉलेजला ७६-६२ ने हरवलं. चेनीसारखं कॉलेज पुन्हा त्या पायरीवर दिसलेलं नाही.

एनसीएएबरोबर आकडेही आले. पुरुषांसाठी १९८१ मध्ये आरपीआय नावाचं गणित बसवलं होतं, ते पुढे महिलांनाही लागू झालं. त्यात स्वतःच्या विजयांना फक्त २५ टक्के वजन. प्रतिस्पर्ध्यांच्या विजयांना ५० टक्के, आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना उरलेले २५. म्हणजे तुमचे बारा आणे दुसऱ्यांच्या हातात. आता ज्याचे गुण वेळापत्रकावर ठरतात तो वेळापत्रकच हुशारीने आखणार. चाणाक्ष प्रशिक्षकांनी लगेच मेख ओळखली: दुबळ्या गटात राहून पुष्कळ जिंकणारा संघ बोलवावा. तो हरवायला सोपा आणि कागदावर वजनदार.

पण वेळापत्रक नेहमी हिशेबानेच ठरलं असंही नाही. १९९५ च्या जानेवारीत दूरचित्रवाणीवाल्यांना एक मोठा सामना हवा होता. टेनेसीच्या प्रशिक्षक पॅट समिट यांना त्याची काही गरज नव्हती. तरी त्या संघ घेऊन युकॉनच्या घरी गेल्या आणि ७७-६६ ने हरून आल्या. त्यातून जी चुरस सुरू झाली तिने हा खेळ अमेरिकेच्या दिवाणखान्यात नेला. २००७ मध्ये समिट यांनीच ती मालिका थांबवली, २०२० मध्ये ती पुन्हा सुरू झाली. गणित बाजूला ठेवून कठीण सामना घेण्याचं धाडस या खेळाला सगळ्यात जास्त फळलं, असं माझं मत आहे.

युकॉनची पुढची कहाणी तर या रकान्याची कसोटीच म्हणायची. २०१३ मध्ये जुना बिग ईस्ट गट फुटला आणि युकॉन एका नव्या, दुबळ्या गटात येऊन पडलं. सात वर्षांत त्या गटातल्या संघांविरुद्ध त्यांनी १३९ सामने खेळले आणि १३९ जिंकले. एवढं जिंकूनही शंका उरतेच. म्हणून प्रशिक्षक जिनो ऑरिएमा गटाबाहेरचे सामने मुद्दाम नोत्र दाम, साउथ कॅरोलायना, बेलर अशांशी घेत राहिले. त्यांची सलग विजयांची मालिका १११ वर गेली आणि ३१ मार्च २०१७ च्या रात्री मिसिसिपी स्टेटच्या मॉर्गन विल्यम या बुटक्या मुलीने जादा वेळेच्या शेवटच्या क्षणी टाकलेल्या चेंडूने ती संपवली. ६६-६४.

महिलांच्या स्पर्धेत आरपीआय जाऊन ‘नेट’ ही क्रमवारी आली ती २०२०-२१ च्या हंगामात, पुरुषांनंतर दोन वर्षांनी. यात नुसता निकाल मोजत नाहीत. प्रत्येक चढाईमागे किती गुण, सामना कुठे झाला, समोरचा किती पाण्यात, हे सगळं येतं. सामने चार कप्प्यांत पडतात. पुरुषांत पहिल्या ३० मधला संघ घरी हरवलात तर तो विजय अव्वल कप्प्यात, पण परक्या मैदानावर असाल तर ७५ व्या क्रमांकापर्यंतचा संघही त्याच कप्प्यात. महिलांच्या कप्प्यांची कुंपणं आणखी आत आहेत.

आणि हे बस्तान बसतंय तोवर २०२४ मध्ये गटांचा नकाशाच बदलला. पॅसिफिक किनाऱ्यावरचा शंभर वर्षांहून जुना गट जवळजवळ रिकामा झाला. लॉस एंजेलिसचे यूसीएलए आणि यूएससी पूर्वेकडच्या बिग टेनमध्ये, टेक्सास आणि ओक्लाहोमा एसईसीमध्ये, आणि स्टॅनफर्ड चक्क ‘अटलांटिक किनारा’ असं नाव असलेल्या गटात. मुळात हे सगळं फुटबॉलच्या पैशासाठी झालं. महिला बास्केटबॉलची त्यात कुणी विचारपूसही केली नाही. परिणाम मात्र भोगायचा त्यानेच. बिग टेन १८ संघांचा झाला आणि २०२५ च्या स्पर्धेत त्यातले १२ घेतले गेले. पूर्वी कस मिळवायला बाहेर जावं लागे, आता गटातच रोज कुणीतरी दांडगं समोर असतं. मग असे संघ बाहेरचा कठीण सामना का घेतील? आणि घेतलाच तर तो कुणा छोट्या कॉलेजाच्या घरी जाऊन कशाला घेतील? छोट्यांची अडचण ही आहे. तुम्ही चांगले असलात की मोठे तुमच्याकडे फिरकत नाहीत, आणि मोठे आले नाहीत तर तुमच्या चांगुलपणाचा पुरावा नाही.

तरी वाट काढणारे काढतात. हार्वर्ड, कोलंबिया आणि प्रिन्स्टन खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. त्यांनी गटाबाहेरचे सामने जाणीवपूर्वक जड घेतले आणि २०२५ मध्ये त्यांच्या आयव्ही गटातून प्रथमच तीन संघ स्पर्धेत गेले. १९९८ मध्ये याच हार्वर्डने सोळावं मानांकन असताना अव्वल स्टॅनफर्डला त्यांच्या घरी ७१-६७ ने हरवलं होतं, हेही जाता जाता सांगायला हवं.

दोन गोष्टींनी आता आणखी पीळ भरला आहे. जानेवारी २०२५ मध्ये एनसीएएने ठरवलं की महिलांच्या स्पर्धेतल्या सहभागाचे आणि विजयाचेही गटांना पैसे द्यायचे. पहिल्या वर्षी दीड कोटी डॉलर. पुरुषांना हे तीन दशकं मिळत होतं. म्हणजे वेळापत्रकाला आता रोखीतली किंमत आली. दुसरं म्हणजे खेळाडू आता सहज कॉलेज बदलतात. दोन वर्षांपूर्वी तगडा म्हणून ठरवलेला सामना प्रत्यक्षात येईपर्यंत त्या संघातल्या पाचपैकी चार जणी दुसरीकडे गेलेल्या असतात. वधूपरीक्षेला एक मुलगी दाखवून बोहल्यावर दुसरी उभी करावी, तसला प्रकार.

आपल्याकडे या रकान्याचं काय? उदाहरण म्हणून उत्तर प्रदेश घेऊ. लखनौच्या उत्तरेला सीतापूर रस्त्यालगत जानकीपुरम आहे. तिथे लखनौ विद्यापीठाचा दुसरा परिसर, आणि जानकीपुरम विस्तारात डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम तंत्रशास्त्र विद्यापीठ. उत्तर प्रदेशाला महिला बास्केटबॉल नवा नाही. वाराणसीच्या सिंह भगिनी याच राज्यातल्या. त्यांतल्या प्रशांती सिंहला २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या पुण्याची शिरीन लिमयेही भारताकडून खेळली. पण विद्यापीठाच्या संघातल्या मुलीचं वर्ष कसं जातं ते बघा. आंतरमहाविद्यालयीन सामने, मग निवड चाचणी, थोड्या दिवसांचं शिबिर, आणि मग रेल्वेने विभागीय स्पर्धेच्या गावी. देशाचे चार विभाग, प्रत्येकातून चार संघ पुढे. सुरुवातीच्या फेऱ्या बाद पद्धतीच्या. गेल्या वर्षीचे पहिले चार भाग्यपत्रिकेच्या चार कोपऱ्यांत बसतात, बाकीच्यांच्या चिठ्ठ्या. नशीब चांगलं तर पहिल्या फेरीत पुढे चाल किंवा समोरचा संघ आलाच नाही. नशीब फुटकं तर पहिल्याच सकाळी गतविजेता समोर, आणि चाळीस मिनिटांच्या खेळात वर्ष संपलं.

अमेरिकेतली मुलगी स्पर्धेआधी तीसेक सामने खेळते, म्हणून तिच्या वेळापत्रकाचा कस मोजता येतो. आपल्याकडे मोजायला सामनेच नसतात. इथे वेळापत्रक कुणी आखत नाही, ते चिठ्ठीतून निघतं. २०२० पासूनच्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेने थोडा फरक पडला. २०२३ मध्ये तिचं यजमानपद उत्तर प्रदेशाकडे होतं, उद्घाटन लखनौतच झालं. पण तिथे देशातले निवडक संघच पोचतात. ज्या पहिल्याच दिवशी बाद झाल्या त्यांना काहीच नाही. याचं बिल वरच्या पातळीवर येतं. २०१७ मध्ये भारताने बेंगळुरूत कझाकस्तानला ७५-७३ ने हरवून आशिया करंडकाच्या वरच्या श्रेणीत धडक मारली. पुढच्या दोन्ही खेपांना जपान, कोरियासमोर उभं राहिल्यावर आपण आठांत आठवे आलो आणि परत खालच्या श्रेणीत गेलो. ज्यांना वर्षभर कठीण सामना माहीत नाही, त्यांना तो अचानक आठवड्यात तीनदा झेपत नाही.

भारतीय विद्यापीठ महासंघाने विभागीय स्पर्धेची सुरुवात गटसाखळीने करावी, म्हणजे प्रत्येक संघाला निदान तीन सामने मिळतील. दिवस वाढतील, खर्च वाढेल, हे खरंच आहे. तोवर विद्यापीठांच्या क्रीडा संचालकांनी शेजाऱ्यांशी दर महिन्याला एखादा सामना ठरवावा. जानकीपुरमच्या दोन परिसरांमध्ये तर ई-रिक्षानेही जाता येतं.